पुरुमेंत आजच्या घराचे : पावसाळ्यापूर्वी घरात काय आणि किती साठवावे

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. झाडे उन्मळून वीजवाहिन्यांवर पडली, खांब वाकले आणि राज्याच्या मोठ्या भागात अंधार झाला. काही वाड्यांवर वीज परतायला अनेक दिवस लागले. त्या दिवसांत कित्येक घरांपुढे उभी राहिलेली अडचण अन्नधान्याची नव्हती. तांदळाचे डबे भरलेले होते आणि परसातल्या विहिरीलाही पाणी होते. पंप बंद पडल्यामुळे ते वर काढता येत नव्हते. राट कधीच काढून टाकलेला आणि दोर कुजलेला, अशी अनेक घरांची स्थिती होती.

आपत्कालीन साठ्याचा विचार करताना हे उदाहरण समोर ठेवणे उपयुक्त ठरते. पावसाळ्याची बेगमी करण्याची रीत गोव्याला नवी नाही. मात्र ज्या घरासाठी ती रीत घडली, ते घर आता बदलले आहे.

जुनी बेगमी आणि नवी उणीव

पावसाळ्याच्या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. तरतूद या अर्थाच्या ‘प्रोव्हिमेंतो’ या पोर्तुगीज शब्दावरून तो आला. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला ‘पुरुमेंताचें फेस्त’ असेच नाव पडले आहे. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही सुक्या मिरच्या, कांद्यांच्या माळा, मिठागरातले जाडे मीठ, चिंच, सोलां, गूळ आणि सुकी मासळी घेण्यासाठी गर्दी होते. उकडे तांदूळ, कुळीथ, आंबोशी, लोणची, फणसाची साठे आणि माती लावून ठेवलेल्या आठळ्या हा या साठ्याचा घरगुती भाग. सरपण आणि नारळाची सोडणे कोरड्या जागी रचून ठेवणे हेही पुरुमेंतातच मोडे.

या यादीमागे स्पष्ट कारणे होती. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ओढ्यांना पूर आला की गावाचा बाजाराशी संबंध तुटे. दर्या खवळल्याने मासेमारी थांबे. आजही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. म्हणून मासळी सुकवायची, भाजी वाळवायची आणि धान्य भरून ठेवायचे. त्या घराला पाणी विहिरीतून, उजेड दिव्यातून आणि अग्नी चुलीतून मिळत असे. यांपैकी काहीही दुसऱ्या कोणाच्या तारेवर किंवा नळावर अवलंबून नव्हते. बाहेरून आणाव्या लागत त्या खाण्याच्या वस्तू, आणि त्यांचाच साठा होई.

आजचे घर याच्या नेमके उलट आहे. दुकान जवळ आहे, पण पाणी, उजेड, संपर्क, पैसे आणि काही ठिकाणी स्वयंपाकसुद्धा वीज आणि जलवाहिनी यांवर चालतात. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे ओपा प्रकल्पाची मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांतील नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. भर पावसाळ्यात, दाराबाहेर पागोळ्या गळत असताना, लोक टँकरची वाट पाहत होते. जुलै २०२१ मधील पुरात सत्तरी, डिचोली, फोंडा या भागांतील अनेक कुटुंबांना अल्पावधीत घर सोडावे लागले. साठवलेले धान्य असूनही ते पाण्याखाली गेले.

या तीन घटनांतून तीन वेगवेगळ्या गरजा दिसतात : वीज नसताना घर चालवणे, नळ कोरडे असताना घर चालवणे आणि घरच सोडावे लागणे. साठा या तिन्हींसाठी हवा. त्याचे प्रमाण साधारणपणे तीन दिवस पुरेल इतके किमान धरावे. दरीतील किंवा रस्त्याच्या शेवटच्या टोकाचा वाडा, पूरप्रवण नदीकाठ, घरात अंथरुणावरील रुग्ण किंवा तान्हे मूल असल्यास सात दिवसांचा हिशेब करावा.

पाणी

साठ्यात पहिले स्थान पाण्याचे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला पाच लिटर धरल्यास चार माणसांच्या घराला तीन दिवसांत ६० लिटर पाणी लागते. म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. एवढे पाणी झाकणबंद, खाद्यपदार्थांसाठीच बनवलेल्या भांड्यांत वेगळे ठेवावे. कीटकनाशक, रंग किंवा डिझेल यांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नयेत.

धुणे, भांडी आणि शौचालय यांचे पाणी वेगळे. आपत्तीतील मदतकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय ‘स्फिअर’ निकषांनुसार सर्व वापरांसाठी मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळायला हवे. त्यातील पाच लिटर वर आलेच आहेत. उरलेल्या दहा लिटरांप्रमाणे चार माणसांसाठी तीन दिवसांचे १२० लिटर होतात. न्हाणीघरातील एक झाकणबंद पिंप ही गरज भागवते. पिंप झाकलेले नसेल तर आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यूची सोय आपणच करून ठेवतो.

छपरावरील टाकी हा साठा धरावा का, हा प्रश्न नेहमी पडतो. टाकी भरलेली असेल तेव्हाच ती साठा असते. वादळाचा इशारा मिळताच ती भरून घेणे हे पहिले काम. पाणी गेल्याचे कळल्यावर शौचालयाचा फ्लश वापरणे थांबवले, तर तेच पाणी दुप्पट दिवस पुरते.

विहीर असलेल्या घराने राट किंवा कप्पी, मजबूत दोर आणि कळशी किंवा बादली ही तीन साधने जागेवर आणि वापरण्याजोगी ठेवावीत. खर्च अत्यल्प आणि उपयोग सर्वांत मोठा. मात्र पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल तर ती उपसून क्लोरिनने निर्जंतुक करेपर्यंत तिचे पाणी पिऊ नये. गढूळ पाणी आधी निवळू द्यावे, जाड कापडातून गाळावे आणि मग खळखळून उकळावे. उकळी आल्यानंतर किमान एक मिनिट ती टिकू द्यावी. इंधन कमी असेल तर क्लोरिनच्या गोळ्या उपयोगी पडतात. त्यांचे प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे आणि पाणी अर्धा तास झाकून ठेवावे. विजेवर चालणारे शुद्धीकरण यंत्र वीज गेल्यावर निरुपयोगी असते, हेही ध्यानात ठेवावे.

अन्न आणि इंधन

धान्याचा हिशेब करून पाहिल्यास बहुतेक घरांना दिलासा मिळेल. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम तांदूळ किंवा पीठ धरले, तर चार माणसांना आठवड्याला ११ किलो पुरते. त्याला पावणेदोन किलो डाळ किंवा कडधान्य आणि एक किलो तेल यांची जोड दिली की पोटाचा प्रश्न सुटतो. महिन्याचा किराणा भरणाऱ्या घरात हे बहुधा असतेच. वेगळे विकत घेण्याची गरज नसते. किराणा अगदी संपल्यावर न आणता आठवड्याचा माल शिल्लक असतानाच आणायचा, एवढी सवय लावली तरी पुरे.

उणीव असते ती न शिजवता खाता येणाऱ्या पदार्थांची. दूध-गूळ किंवा दही-पोहे, चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, चणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटे, दुधाची पावडर आणि लोणचे यांवर पहिला दिवस निभावतो. पोदेर येईल की नाही याची खात्री नसलेल्या सकाळी याच वस्तू कामी येतात. मधुमेही, वृद्ध आणि लहान मुले यांना चालेल असे काही यात आहे का, हे पाहावे. तान्ह्या मुलासाठी आईचे दूध हाच सर्वांत सुरक्षित आहार. बाळ आधीपासून डब्याच्या दुधावर असेल तरच त्याचा साठा ठेवावा आणि त्यासाठी उकळलेल्या पाण्याची सोय आधी करावी.

जूनच्या दमटपणात धान्याला जाळी आणि बुरशी लवकर लागते. म्हणून मेच्या उन्हात डबे वाळवून, धान्य पूर्ण थंड झाल्यावरच हवाबंद करावे. पूर येणाऱ्या भागात डबे जमिनीवर न ठेवता माळ्यावर किंवा पूर्वीच्या पूररेषेपेक्षा वरच्या फळीवर ठेवावेत.

वीज गेल्यावर फ्रीज न उघडल्यास आतील अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते. गच्च भरलेला आणि बंद ठेवलेला डीप फ्रीझर सुमारे ४८ तास थंडावा धरतो, तर अर्धा भरलेला २४ तास. आधी फ्रीजमधील शिजवलेले अन्न, मासळी आणि दूध संपवावे, नंतर कोरड्या साठ्याला हात लावावा. वास येत नाही म्हणून अन्न चांगले आहे, असे समजू नये.

इंधनाबाबत दुसरा सिलिंडर भरलेला असणे हीच मुख्य तरतूद. ज्यांची शेगडी विजेवर चालते, त्यांनी ५ किलोचा छोटा गॅस सिलिंडर आणि एक बर्नरची शेगडी यांचा विचार करावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे किंवा व्हरांड्यात, खिडकीजवळ जनरेटर चालवणे जिवावर बेतू शकते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, गंधही नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागेही करत नाही.

उजेड आणि संपर्क

मेणबत्ती स्वस्त असली तरी वाऱ्यापावसाच्या रात्री ती आगीचे कारण होऊ शकते. एलईडी विजेरी अधिक सुरक्षित. घरातील प्रत्येक मजल्यावर एक आणि आजारी माणसाच्या उशाशी एक विजेरी असावी. सेल विजेरीत घालून न ठेवता शेजारी पिशवीत ठेवावेत, म्हणजे ते गळून विजेरी खराब होत नाही. डोक्याला बांधायची विजेरी असल्यास रुग्णाची सेवा करताना किंवा पाणी उपसताना दोन्ही हात मोकळे राहतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरात एक गैरसमज हमखास आढळतो. १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीतून प्रत्यक्षात साधारण १,००० ते १,२०० वॉट-तास वीज मिळते. ७५ वॉटचे दोन पंखे आणि ९ वॉटचे चार दिवे चालवले, तर ती सहा तासांत संपते. म्हणजे एका रात्रीत सारे आटोपते. तीच बॅटरी फक्त तीन दिव्यांसाठी, संध्याकाळचे काही तासच वापरली, तर चार-पाच दिवस साथ देते. वादळाच्या पहिल्या रात्री पंखे बंद ठेवायचे की नाहीत, हा निर्णय घरात आधीच झालेला असावा. पाण्याचा एक अश्वशक्तीचा पंप घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. सुरू होताना तो नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढतो.

पॉवर बँकेचेही असेच आहे. १०,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेल्या बँकेतून प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपास मिळतात. आजचा मोठ्या बॅटरीचा फोन त्यावर एकदाच पूर्ण भरतो. पावसाळाभर ती भरलेली राहावी यासाठी महिन्यातून एकदा तपासावी. मोटारीतून फोन भरण्याची तार गाडीतच ठेवावी. मनोरे बंद पडल्यास किंवा जाळ्यावर ताण आल्यास बोलणे होत नाही, पण लघुसंदेश कधीकधी पोचतो. सेलवर चालणारा छोटा रेडिओ ही आता जुनाट वाटणारी वस्तू अशा वेळी आकाशवाणीच्या पणजी केंद्राची वार्तापत्रे घरात आणते. फोन बंद पडला की त्यातील क्रमांकही दिसेनासे होतात. जवळच्या पाच-सहा माणसांचे, डॉक्टरांचे आणि पंचसदस्यांचे क्रमांक कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावावेत.

औषधे

रोज घ्यायच्या औषधांचा किमान सात ते दहा दिवसांचा जादा साठा असावा. रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, थायरॉइड, दमा यांची औषधे एकाएकी थांबणे घातक ठरू शकते. औषधांच्या चिठ्ठीची प्रत साठ्यासोबत ठेवावी, म्हणजे परक्या गावी किंवा निवारा केंद्रात डॉक्टरांना वेळ न दवडता उपचार करता येतात.

इन्सुलिन न उघडलेले असताना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, मात्र नेमकी मुदत पाकिटावर पाहावी. वीज गेल्यास इन्सुलिन पाणी न लागेल अशा डब्यात घालून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवता येते. ते बर्फाला चिकटवून ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

घरी प्राणवायू देणारे विद्युत यंत्र किंवा नेब्युलायझर वापरणाऱ्या रुग्णांसाठी वीज जाणे ही गैरसोय नसून धोका आहे. भरलेला प्राणवायू सिलिंडर कोठून मिळेल आणि रुग्णाला हलवायचे झाल्यास कोणाच्या वाहनातून, याची उत्तरे मे महिन्यातच ठरवावीत.

सर्वसाधारण पेटीत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, जंतुनाशक, निर्जंतुक पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, तापमापी आणि सॅनिटरी पॅड असावेत. ओआरएस नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. हे पाणी २४ तासांत संपवावे, उरल्यास टाकून द्यावे.

पुरानंतर चिखल काढताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि जाड हातमोजे घालावेत. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुराने बिळे भरली की साप उंच आणि कोरड्या जागा शोधत घरात येतात. सर्पदंशावर घरी ठेवण्यासारखे औषध नाही. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

कागदपत्रे, रोकड आणि निघायची पिशवी

वीज आणि जाळे नसताना एटीएम चालत नाही आणि फोनवरून पैसेही देता येत नाहीत. आठवड्याच्या गरजेइतकी रोकड, शक्यतो शंभर रुपयांपर्यंतच्या लहान नोटांत, घरी असावी.

आधार, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, विमापत्रे, घरपट्टीची पावती, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि शाळेचे दाखले जलरोधक पिशवीत एकत्र ठेवावेत. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी हीच कागदपत्रे मागितली जातात. शासनाने डिजिलॉकरवर दिलेले दस्तऐवज मुळाच्या बरोबरीने मानले जातात, त्यामुळे तेथे खाते उघडून ठेवणे हिताचे. पावसाळ्यापूर्वी घराची, सामानाची आणि गोठ्याची छायाचित्रे काढून ठेवल्यास पंचनाम्याच्या वेळी उपयोग होतो.

पूरप्रवण भागातील प्रत्येक घरात खांद्यावर घेता येईल अशी एक पिशवी तयार असावी. तीत ही कागदपत्रे, रोकड, औषधे, विजेरी, पॉवर बँक, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, एकेक कपड्यांचा जोड, चादर, शिटी आणि चष्म्याचा जादा जोड असावा. ती घरातील सर्वांत वयस्क नसलेल्या, पण नेहमी घरी असणाऱ्या माणसाच्या हाताशी ठेवावी. घर सोडताना मुख्य विद्युत कळ आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, गुरांची दावी सोडावीत. कळ पाण्यात असेल किंवा पायाखाली ओल असेल तर तिला हात लावू नये. तुटून पडलेली तार मृत आहे असे कधीही गृहीत धरू नये.

साठा जिवंत ठेवणे

एकदा भरून विसरलेला साठा गरजेच्या वेळी फसवतो. मुदत संपलेली औषधे, गळलेले सेल आणि खवट शेंगदाणे हे त्याचे नेहमीचे शेवट. जुने पुरुमेंत कधी शिळे होत नसे, कारण ते रोज वापरले जाई आणि दरवर्षी नव्याने भरले जाई. तोच नियम येथेही लागू पडतो. नवे मागे ठेवावे, जुने पुढे घ्यावे. मे अखेरीस आणि चतुर्थीच्या साफसफाईत, असे वर्षातून दोनदा सारे तपासावे. साठवलेले पिण्याचे पाणी आठवड्याने बदलावे आणि जुने झाडांना घालावे.

हे सारे एकाच महिन्यात विकत घेण्याची गरज नाही. हात आखडता असेल तर क्रम असा धरावा : आधी पाण्याचे कॅन आणि विहिरीचा दोर, मग औषधांचा जादा आठवडा, मग विजेरी, त्यानंतर पॉवर बँक. काही वस्तू प्रत्येक घरी असण्याचेही कारण नाही. एका वाड्यावर एक करवत, एक लांब दोर, एक ताडपत्री आणि चालती विहीर पुरते. मात्र ती कोणाकडे आहे, हे सर्वांना ठाऊक हवे. मुले परदेशी किंवा दुसऱ्या शहरात आणि आईवडील एकटे, अशी अनेक घरे आज गोव्यात आहेत. त्यांच्या दारावर वादळाच्या दुसऱ्या दिवशी कोण थाप देणार, हे ठरवणे हाही साठ्याचाच भाग आहे.

लक्षात ठेवायचे क्रमांक

कोणतीही आपत्ती : ११२
रुग्णवाहिका : १०८
अग्निशामक दल : १०१
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७
वीजपुरवठ्याची तक्रार : १९१२
गॅसगळती : १९०६

घराची तयारी कितपत आहे, हे पाहण्याचा सोपा उपाय आहे. मेमधील एखाद्या संध्याकाळी मुख्य कळ आणि नळाची चावी बंद करून सकाळपर्यंत घर चालवून पाहावे. विजेरी कोणत्या खणात आहे, पिण्याचे पाणी किती वेळ पुरते, आजींचे औषध अंधारात सापडते का आणि विहिरीचा दोर खरोखर पाण्यापर्यंत पोचतो का, हे एका रात्रीत कळते. सकाळी जी यादी तयार होईल, ती त्या घराची खरी यादी. ती घेऊनच बाजारात जावे.